न पिणाऱ्या ‘टाकी’चं मृत्युपत्र

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, धंदा लाकडी सामानाला लाखेचं पॉलिश करणे, राहणार स्वतःच्या दुकानाच्या माडीवर, लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही, कोणी मानगुटीवर बसून हे लिहवून घेत नाही आणि मी कोणत्याही नशेच्या अंमलाखाली नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हेच पहिलं आणि हेच शेवटचं.

नशेचा उल्लेख म्हणे सगळ्यांच्याच मृत्युपत्रात असतो. माझं तेवढ्यावर भागलं नाही. माझा मित्र वकील, ज्याच्या गच्चीवर आम्ही दर शनिवारी जमतो, त्याला मी नुसत्या वाटण्यांपुरता मसुदा दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून तो म्हणाला, "डॉक्टरचा दाखला जोड रे बाबा, शुद्धीत असल्याचा. दुसऱ्या कोणाला सांगितलं नसतं, पण तुझं म्हणजे... उद्या कोणी बोट ठेवलं तर?" दाखला सोबत जोडला आहे. जन्मात न प्यायलेल्या माणसाला आपण प्यायलेलो नाही याचा पुरावा द्यावा लागतो, हे इथे नोंदवतो, कारण दुसरीकडे कुठे नोंदवलं जाणार नाही.

कलम पहिले. दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या एक मुलीला द्याव्यात. जावयाचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. त्याच्याशी वैर नाही, पण जिन्याचा प्रसंग मी विसरलेलो नाही. नात वर्षाची असताना मी तिला कडेवर घेऊन जिना उतरायला लागलो, तर खोलीतली सगळी माणसं ताडकन उठून उभी राहिली. जावई तर माझ्यापुढे हात पसरून उलटा उतरत होता. जिना माझा, कठडा माझ्या हाताने चमकवलेला, डोळे मिटून उतरेन असा. नात तेवढी हसत होती.

कलम दुसरे. बँकेतली ठेव नातीला. तिने शिकावं, फिरावं, वाटल्यास उधळावं. तिच्या आईने मात्र त्यातून पाळणाघराची फी भरू नये. शाळा सुटल्यावर ती पोर दोन गल्ल्या पलीकडे परक्या बाईकडे बसायची आणि सख्खा आजोबा इथे खुर्च्यांशी बोलायचा. मी मुलीला म्हणालो होतो, "माझ्याकडे सोड की गं." ती म्हणाली, "तुम्हाला कशाला त्रास, बाबा? शिवाय तुमचं ते..." आणि पर्सची चेन लावत बसली. त्या ‘ते’चा खुलासा पुढच्या कलमात आहे.

कलम तिसरे, मित्रांविषयी. लाख स्पिरिटमध्ये विरघळवावी लागते आणि कापसाच्या बोळ्याने दिवसभर लाकडावर फिरवावी लागते. संध्याकाळी अंग घासून अंघोळ केली तरी तो दारूसारखा वास नखांतून आणि केसांतून जात नाही. दिवसभर जे नाकात, तेच संध्याकाळी घशात कोण घालील? मला तर नुसत्या वासाने मळमळतं. पण पहिल्याच शनिवारी मी गच्चीवर पाऊल टाकलं आणि आमच्यातला शाळामास्तर ओरडला, "अरे, हा तर टाकी फुल करूनच आलाय!" झालं. बारसं उरकलं. त्या दिवसापासून मी टाकी.

मी ‘नको’ म्हटलं की पोट धरून हसायचे आणि माझ्याही नावाचा पेला भरायचे. तो मास्तर प्यायचा आणि रिकामा माझ्यापुढे सरकवायचा. वकिलीणबाई खायच्या बश्या घेऊन वर यायच्या, तेव्हा मास्तरापुढे एक पेला आणि माझ्यापुढे रांग. मी आपला सोडा पीत बसलेला. पुढेपुढे कळलं की यात नुसती गंमत नव्हती. घरी गेल्यावर प्रत्येकजण बायकोला सांगायचा, "मी कसली घेतोय? त्या टाकीला बघ!" माझ्यापुढे सगळे सज्जन ठरायचे. मी कधी न पिणारा निघालो असतो, तर बिचाऱ्यांची पंचाईत झाली असती.

सबब, मास्तरला काही मिळणार नाही. माझ्या वाटणीचं तो आयुष्यभर प्यायला, तेवढं पुरे. साक्षीदार म्हणून मी आधी त्यालाच बोलावलं होतं. म्हणाला, "तू शुद्धीत होतास म्हणून सही करू? कोर्ट हसेल ना रे!" स्वतःच्याच विनोदावर त्याला ठसका लागला. मी त्याच्या पाठीवर थोपटलं. जरा जोरातच थोपटलं.

वकिलाला या मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला नेमतो. त्याने ते आपल्या बायकोसमोर, मास्तरासमोर आणि माझ्या मुलीसमोर स्वतः, मोठ्याने, एकही ओळ न गाळता वाचावं. घसा कोरडा पडल्यास त्याला पाणी द्यावं. पाणीच द्यावं.

कलम चौथे. माझ्या पत्नीचं शिसवी कपाट मुलीला. त्याला कोणी ऑइलपेंट फासू नये. ते मी आमच्या लग्नानंतर तिच्यासाठी पॉलिश केलं आणि तिने त्यात कपड्यांपेक्षा दोऱ्याची रिळंच जास्त ठेवली. माझे शर्ट तीच धुवायची. स्पिरिट कोणतं आणि दारू कोणती, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मित्रांच्या चिडवण्याने मी कधी वैतागलो तर म्हणायची, "चिडवू द्या हो. दात पडले की थांबतील." ती गेली आणि माझ्या बाजूने बोलणारं एकमेव माणूस गेलं. त्यांचे दात अजून शाबूत आहेत.

ती गेल्यावर वकिलीणबाईंनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, "आई गेल्यापासून बाबांचं वाढलंय गं. स्पिरिटच्या वासात कळत नाही, पण लक्ष ठेव." बाईंनी ते मायेने सांगितलं, म्हणून तर ते मुलीच्या मनात घर करून बसलं. लहानपणापासून ज्या वासात ती वाढली, त्याच वासाआड तिला दुसरा वास यायला लागला. मी तिला सरळ सांगितलं, "मी पीत नाही." ती म्हणाली, "बाबा, मी काही म्हटलं का?" आणि डोळे पुसले. जितकं नाही म्हणावं तितकं ते खरं ठरत गेलं. तेव्हापासून ती माझ्याजवळ आली की आधी हळूच श्वास घेते. तिला वाटतं, मला कळत नाही. मला ते इतकं लागतं, की ती येणार असली की मी खिडकीशी जाऊन उभा राहतो.

कलम पाचवे. माझी हत्यारं, लाखेचे डबे, घासकागद आणि स्पिरिटचा साठा शेजारच्या सुताराला. हे कलम माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही, ते आजपासून लागू आहे. कारण पुढीलप्रमाणे.

दाखला घ्यायचा तर अंगाला वास नको, म्हणून मी आठवडाभर दुकान बंद ठेवलं. डबे गच्च झाकले, नखं दगडाने घासली, समोरच्या शिंप्याकडून नवा शर्ट शिवून घेतला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "आजोबा, लिव्हर एकदम ठणठणीत आहे. कधी घेतली नाही वाटतं?" अनोळखी बाईने पहिल्या भेटीत विचारलेला हा साधा प्रश्न माझ्या जिवलगांना इतक्या वर्षांत सुचला नाही.

परवा मुलगी आली. नेहमीसारखा तिने श्वास घेतला. मग थांबून पुन्हा घेतला. आणि माझ्या नव्या शर्टावर डोकं टेकून ढसाढसा रडायला लागली. "सोडलीत ना, बाबा? खरंच सोडलीत ना?" तिची आई गेल्यानंतर पहिल्यांदाच ती अशी बिलगली होती. जी कधी धरलीच नाही ती सोडणार कशी, असं अगदी ओठांवर आलं होतं.

मी म्हणालो, "हो."

"मग उद्यापासून शाळा सुटली की पोरीला इथेच सोडते. पुन्हा नाही ना लावणार तोंडाला?"

"नाही," मी म्हणालो.

काल नात आली. दप्तर फेकलं, मांडीवर चढली, माझी बोटं नाकाशी नेली आणि म्हणाली, "आजोबा, तुमचा वास कुठे गेला? मला आवडायचा."

बोळा पुन्हा हातात धरला, तर संध्याकाळी तोच वास, मुलीचा तोच श्वास आणि नात परत पाळणाघरात. म्हणून मी धंदा सोडला आहे. शनिवारी गच्चीवर याने दारू सोडली म्हणतील आणि माझ्या निर्धाराचं कौतुक करत माझ्या नावाने आणखी एक पेला भरतील. खुशाल भरा.

कलम सहावे, शेवटचे, फक्त मुलीसाठी. बाळ, वकील हे वाचत असेल तेव्हा मला काही विचारता येणार नाही, म्हणून आत्ताच सांगतो. तू मला माफ केलंस. ज्या गुन्ह्याची माफी होती तो मी केलेला नव्हता. तरी ती मी मुकाट घेतली, कारण तिच्यासोबत माझी नात मिळत होती.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि तो मला मान्य आहे.

सही: मृत्युपत्र करणार, ज्याला मित्र टाकी म्हणत

आमच्यासमक्ष सही केली आणि सही करताना ते पूर्ण शुद्धीत होते:
साक्षीदार १: दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार २: समोरच्या दुकानातला शिंपी (सही)

ठिकाण: बंद केलेलं दुकान, खालचा मजला
दिनांक: महिन्याचा दुसरा गुरुवार, नात शाळेतून यायच्या आत