पंचावन्नच्या पुढे

दि. ४ मार्च

श्रीमती धोरणकार मॅडम यांस,
स. न. वि. वि.

एरवी ‘चि. ठकीस अनेक आशीर्वाद’ असं लिहितो, पण तू पाठवलेलं ते जाडजूड धोरण वाचलं आणि आशीर्वाद घशातच अडकले. पहिल्याच पानावर लिहिलंयस की हरित अर्थव्यवस्था म्हणजे अशी व्यवस्था, जिच्यात माणसांचं भलं होतं, धूर आणि नासाडी कमी होते आणि कुणीही मागे राहत नाही. बरं वाटलं. तुझ्या आईलाही वाचून दाखवलं. मग पुढे कळलं की डिझेलच्या सगळ्या बस भंगारात जाणार, विजेच्या येणार आणि डेपोतल्या कामगारांना नवं प्रशिक्षण मिळणार. फक्त पंचावन्नच्या पुढच्यांनी घरी जायचं. वा रे वा! मागे राहणाऱ्यांना आधीच दाराबाहेर काढलं की मागे राहतंय कोण?

मी सत्तावन्नचा. इथला मुख्य मेकॅनिक. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून त्याची मूठ दातात धरली की कुठलं टॅपेट वाजतंय ते सांगतो. ही विद्या तुझ्या कुठल्या कॉलेजात शिकवतात? तुझ्या हरित रोजगारांत झाडं लावणारा आहे, सौरपट्ट्या बसवणारा आहे. दुरुस्ती करणारा कुठेच नाही. चालती वस्तू फेकून नवी आणायची ही तुमची काटकसर, आणि जुनी चालती ठेवणारे आम्ही घाणेरडे.

आई ठीक आहे. लोभ ठेवायचा की नाही हे आता धोरणात बघून ठरव.

तुझा भंगारात निघालेला बाप


दि. ११ मार्च

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ऑफिसात सगळ्यांसमोर उघडलं ही माझीच चूक. भांडायचं तर फोनवर भांडावं म्हणून किती वेळा फोन केला. दर वेळी तुम्ही ‘हां हां’ करता आणि फोन आईच्या हातात कोंबता. एवढा राग!

आता माझं ऐका. डेपोच्या भिंतीला लागून जी शाळा आहे, तिथेच मी शिकले. सकाळी तुमच्या बस गरम व्हायला लागल्या की बाई खिडक्या लावून घ्यायच्या आणि तरीही आम्ही खोकायचो. तुमचे रुमाल अजून काळे निघतात, आई धुते. जुनी बस अजून दहा वर्षं धावेल असं तुम्ही नेहमी म्हणता, म्हणजे दहा वर्षं धूर ओकेल, हे पण म्हणा की.

वयाची अट माझ्याच हातची आहे. प्रशिक्षणाच्या जागा थोड्या मिळाल्या, म्हणून ज्यांची नोकरी जास्त उरली आहे त्यांना दिल्या. नवा पार्ट तुम्ही तरी कुठल्या गाडीला लावता? जी जास्त धावणार तिलाच ना? तुम्ही त्या अटीत सापडता हे मला ठाऊक होतं. बापासाठी नियम वाकवला असता तर तुम्हीच मला उंबऱ्यावरून परत पाठवलं असतं.

गोळ्या वेळेवर घ्या. लोभ उरला असेल तर कळवा.

तुमची
ठकी


दि. १९ मार्च

मॅडम,

नमस्कार. मी माणूस आहे, गाडीचा पार्ट नाही. तुला मी ‘नियम वाकव’ म्हटलं नव्हतं, ‘नीट कर’ म्हटलं होतं.

धूर वाईट हे मला कोण शिकवणार? छाती माझी आहे. विजेच्या बस उद्या आण, मी फाटक उघडायला उभा राहीन. पण आहेत ते हात आधी शिकव आणि मग ‘कुणीही मागे राहत नाही’ असं लिही. नाहीतर ते वाक्य खोडून टाक. ते होईपर्यंत घरी येऊ नकोस. आणि फोनही करू नकोस, मला कामं असतात.

बाप

ता. क. ठके, मी आई. हे घरात कुणाशी धड बोलत नाहीत. चार हाका मारल्या की एकदा वळतात, तेही मी समोर जाऊन उभी राहिले तर. का छळतेस गं त्यांना?


दि. २ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

अट गेली. हरित रोजगाराच्या व्याख्येत दुरुस्ती आली. प्रत्येक बैठकीत मी तुमचीच वाक्यं तुमचं नाव न घेता बोलले, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या, जागा वाढवून घेतल्या. आता डेपोतला कुणीही, कितीही वयाचा, वर्गात बसू शकतो.

आणि काल पहिलवानकाकांनी कळवलं की बाकीचे सगळे म्हातारे वर्गात बसलेत. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी, कुणाला न सांगता निघून गेलात. पहिलवानकाकांसारख्या, दुरुस्तीच्या शेजारच्या खड्ड्यात तुमच्याबरोबर जन्मभर काम केलेल्या फिटरलासुद्धा सांगितलं नाहीत. बाबा, तुम्हाला प्रशिक्षण नकोच होतं. तुम्हाला माझ्याशी भांडण हवं होतं. ते मिळालं. आता मीही दमले. यापुढे आईलाच लिहीन.

ठकी


दि. ९ मे

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र आईला दाखवू नकोस. तिला मीच सांगणार आहे.

वर्गात गेलो होतो. मास्तर पोरसवदा, पण शिकवतो चांगलं असं पहिलवान म्हणतो. त्याने आम्हाला नव्या बसभोवती उभं केलं, आत जाऊन बटण दाबलं आणि काहीतरी विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. मग मी आपला स्क्रू ड्रायव्हर काढला, गाडीला टेकवला, मूठ दातात धरली. काही नाही. सगळे हसले. त्यांना वाटलं मी मास्तरची थट्टा करतोय. तसाच बाहेर पडलो.

कान जाऊन बरीच वर्षं झाली गं. दोन्ही. इंजिन दातांतून हाडात वाजायचं, त्यावर चाललं होतं. माणसांचे ओठ बघायचो. विजेच्या गाडीत वाजायलाच काही नाही. मास्तर म्हणाला की तिच्यात काही बिघडलं तर ती बारीक शिट्टी देते, हे पहिलवानने नंतर, मी त्याला खरं सांगितल्यावर, मला लिहून दाखवलं. ती शिट्टी मला ऐकू आली नाही तर कुणाचा तरी जीव जाईल. मुख्य मेकॅनिकच्या खुर्चीत बहिरा बसलाय, हे कुणाला कळू नये म्हणून मी तुझ्या धोरणावर तोंड टाकत सुटलो. पण बाकीच्यांसाठी जे लिहिलं ते खरंच होतं. ती अट पुन्हा आणलीस तर याद राख.

मी उद्या राजीनामा देतोय. तुझ्या अटीमुळे नाही, हे तुझ्या साहेबालाही सांग.

फोन आईच्या हातात द्यायचो तो रागाने नव्हे. तू काय म्हणतेस ते कळायचं नाही, आणि फोनला ओठ नसतात. तू राग समजलीस, मला ते सोपं गेलं.

तेव्हा आईला लिही, पण मलाही लिही. पाहिजे तेवढी भांड. पत्रात तू ओरडलीस तरी मला ऐकू येतं.

तुझा
बाबा