तळाशी ठेवलेला चष्मा

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही बरे आहोत असं लिहिणार होते, पण तू आईची सख्खी बहीण, तुला थाप लगेच कळते. आईला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. बाबा दुकान उघडतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा नंबर काढतात आणि चष्मा दुसरीकडून करून घ्या म्हणून पाठवून देतात. काल म्हणाले, दुकान विकू या. जगाला चष्मे देत बसलो आणि घरचं माणूस जिन्यात पडलं, असं म्हणाले. मी भाजी करपवली होती, ती त्यांनी मुकाट्याने खाल्ली.

तुझी माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

करपलेली भाजी हा आपल्या घरचा वारसाच आहे. तुझी आई तर पाणीसुद्धा करपवेल असं मी तिला चिडवायचे. आता चिडवू कोणाला?

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. दवाखान्यातून मिळालेल्या पिशवीत तिचा जुना तपकिरी चष्मा होता. त्यातून तिला धड पायरीही दिसत नसे. ऑफिसला जाताना ताईने तो का घातला होता? तुझ्या बाबांना विचारायचा मला धीर होत नाही. तुला ठाऊक असेल तर कळव.

जेवत जा. पत्रात खाडाखोड चालेल, पण पत्र हवं.
तुझी मावशी

१४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मला ठाऊक आहे. नवा चष्मा मी मोडला. आदल्या रात्री कोचावर धपकन बसले आणि काडी तुटली. असं बसू नकोस म्हणून आईने मला शंभरदा बजावलं होतं. मी तो गुपचूप खाली दुकानात नेला आणि दुरुस्तीच्या ट्रेमध्ये तळाशी सरकवला. ट्रेमधलं सगळं बाबा न बोलता दुरुस्त करतात, म्हणून वाटलं हेही निभावून जाईल.

सकाळी आई घरभर चष्मा शोधत होती. तिने मला विचारलं. मी पाहिला नाही म्हणाले आणि शाळेत गेले. दुपारी शाळेत निरोप आला.

बाबांना सांगितलं नाही. या पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन.

भिंगरी

२३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

आठवडाभर पत्र लिहिलं नाही, कारण मला राग आला होता. तुझ्यापासून लपवत नाही. तुझं पत्र फाडायलाही घेतलं होतं. मग आठवलं की तू सोळा वर्षांची आहेस, आणि आईही तुझीच गेली आहे.

बाबांना सांग. मी सांगणार नाही, ते तुझंच काम आहे. ते काहीही म्हणाले तरी माझ्या घरात तुझी खोली आहे, एवढं धरून चाल.

तुझीच,
मावशी

२ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

काल सांगितलं. बाबा म्हणाले, तू नाही, मी.

त्या दिवशी मी शाळेत गेल्यावर आई दुकानात आली होती. बाबांनी वर पाहिलं तेव्हा चष्मा तिच्याच हातात होता. म्हणाली, मीच यावर बसले, सवड झाली की जोडून द्या. बाबांची रीत तुला माहीत आहे, आधी गिऱ्हाईक, घरचं काम शेवटी. संध्याकाळी बघतो म्हणाले आणि त्यांनी तो परत तळाशी ठेवला. दहा मिनिटांचं काम होतं, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. ते माझ्यापासून हेच लपवत होते, मला कळलं तर मी त्यांचं तोंड पाहणार नाही म्हणून.

मग आम्ही दोघंही रडलो. दुकानाचं अजून काही ठरलं नाही.

मावशी, आईला तो ट्रेमध्येच सापडला असणार. मी तोंडावर खोटं बोलले हे तिला कळलं होतं, तरी तिने ते स्वतःवर घेतलं. बाबांसमोर नको, संध्याकाळी हिला एकटीला गाठून विचारू, असं तिने ठरवलं असेल. मला तिचं रागावणं हवं आहे गं. ती रागावायची राहूनच गेली.

बाबा खाली दोन ओळी लिहिणार होते, त्यांना लिहवलं नाही. आम्हा दोघांना तुझ्या मायेत ठेव.
तुझी भिंगरी