मदरबोर्ड घरीच बसवला

३ नोव्हेंबर, सोमवार
मदरबोर्ड बदलला. घरीच, स्वतः. नई सडकवरचा दुकानदार अंशुल म्हणत होता, "अंकलजी, मशीन यहीं ले आइए, फिट करके दे दूँगा." नम्रपणे नकार दिला. सरकारी नोकरीत जन्मभर धरणांची ड्रॉइंग्ज काढली. तारा आणि स्क्रू माझं काय वाकडं करणार.

अनसूयेला महिनाअखेर प्रबंध द्यायचा आहे. विषय, आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी बायकांची बोली. साठीला टेकल्यावर पीएच.डी. करते आहे, तेव्हा तांत्रिक बाजू मी सांभाळायची असं ठरलंय. म्हणजे मी ठरवलंय. रिटायर झाल्यापासून घरात मला एवढं एकच खातं आहे.

संध्याकाळी बटण दाबलं. लोगो आला, गेला, मशीन बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू झालं. नवा बोर्ड आहे. सेट व्हायला वेळ घेणारच.

४ नोव्हेंबर
अजून सेट होतोय. सकाळपासून रीबूट. लोगो मात्र दर वेळी स्वच्छ दिसतो, ही चांगली खूण. अनसूयेने विचारलं, चालू झाला का. मी म्हटलं, चालू तर सारखा होतोय.

६ नोव्हेंबर
दोष व्होल्टेजचा. आमच्या कंपू मोहल्ल्यात दुपारी ट्यूबलाइटसुद्धा मिणमिणते. फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून कम्प्युटरला लावला. रीबूट. फ्रिजमधलं दूध नासलं. अनसूयेने त्याचं पनीर केलं, म्हणजे एकूण नुकसान काही नाही.

हैदराबादहून अवंतिकेचा फोन. म्हणाली, "बाबा, प्लीज, कोणाला तरी बुलवून घ्या." पोरीचं मराठी बिघडत चाललंय. बापावरचा विश्वासही.

७ नोव्हेंबर
रॅम काढून खोडरबराने घासली. व्हिडिओत असंच दाखवतात. रीबूट. खोडरबर जुना होता.

८ नोव्हेंबर, शनिवार
निदान झालं. विंडोज. जुन्या बोर्डावर बसलेलं विंडोज नव्या बोर्डाला ओळखत नाही, म्हणून मशीन गोंधळतं. उपाय एकच: डिस्क पुसायची, विंडोज नव्याने टाकायचं.

अनसूया म्हणाली, माझं सगळं त्यात आहे. मी म्हटलं, दिवाळीतच पेन ड्राइव्हवर बॅकअप घेतलाय. "रेकॉर्डिंगसुद्धा?" तेसुद्धा. मंदाताई, शालिनीताई, शांतामावशी, जिच्या जिच्या घरी जाऊन ती बोलणं टिपून आली, त्या सगळ्या. तिचा फोन भरला होता म्हणून मीच सगळं कम्प्युटरवर घेऊन फोन रिकामा करून दिला होता. तांत्रिक बाजू म्हणजे हीच. बॅकअप तर दोन सेकंदांत झाला होता. पेन ड्राइव्ह चांगल्यापैकी आहे.

शांतामावशी ही माझी सख्खी मावशी. आई गेल्यावर तिनेच वाढवलं. या चैत्रात गेली. तिचं रेकॉर्डिंग मी अजून ऐकलेलं नाही. ऐकायचं आहे, पण निवांत.

अनसूया म्हणाली, पुसायच्या आधी तो पेन ड्राइव्ह एकदा उघडून बघा. मी समजावून सांगितलं की उघडायला कम्प्युटर चालू हवा, आणि चालू करण्यासाठीच तर पुसायचं आहे. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. पटलं असावं.

९ नोव्हेंबर, रविवार
डिस्क घेऊन शेजारी विक्रमसिंहाकडे गेलो. त्याचा कम्प्युटर उत्तम चालतो, कारण तो त्याला हात लावत नाही. डिस्क त्याच्या मशीनला जोडली. क्विक फॉर्मॅट की फुल, असं मशीनने विचारलं. अर्धवट काम मला जमत नाही. फुल.

अख्खा दिवस लागला. मध्ये पोहे झाले, दोनदा चहा झाला, क्रिकेट झालं. विक्रमसिंह म्हणाला, "मधुभाऊ, तुम्हाला पाहिजे तर तुमचा पेन ड्राइव्ह इथेच लावून बघा ना." मी म्हटलं, घरी आहे, आता एवढ्यासाठी कोण जातो. दोन घरं सोडून तर आहे, असंही तो म्हणाला. चांगला माणूस आहे, पण प्लॅनिंग कळत नाही.

१० नोव्हेंबर
नवं विंडोज टाकायला घेतलं. रीबूट. परत घेतलं. रीबूट.

म्हणजे दोष विंडोजचा नव्हता. ही माहितीही मोलाची आहे.

११ नोव्हेंबर
बोर्ड पुन्हा काढला. खाली कम्प्युटरच्या डब्याच्या पत्र्यावर पितळेचा एक छोटा खुंट उभा होता, जुन्या बोर्डाचा. नव्या बोर्डाला त्या जागी भोकच नाही. खुंट बोर्डाच्या पाठीला टेकत होता आणि शॉर्ट होऊन मशीन बंद पडत होतं. पक्कडीने काढला. विंडोज एका दमात बसलं. दुपारपासून मशीन सुरू आहे, एकदाही रीबूट नाही.

अनसूयेला हाक मारून दाखवलं. पडद्यावर फक्त कचरापेटी होती, तीही रिकामी. ती म्हणाली, आता पेन ड्राइव्ह लावा.

लावला. प्रबंधाचं फोल्डर दिसलं. त्यावर एक छोटा बाण होता. क्लिक केलं तर म्हणे, सापडत नाही.

११ नोव्हेंबर, संध्याकाळ
तो शॉर्टकट होता. फोल्डर नव्हे, फोल्डरकडे जायची वाट. दिवाळीत मी वाट कॉपी केली.

डिस्क घेऊन नई सडकला धावत गेलो. अंशुलने ऐकून घेतलं आणि विचारलं, "फुल फॉर्मेट क्यों किया, अंकलजी?" याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण दिलं नाही. म्हणाला, अब कुछ नहीं निकलेगा.

१२ नोव्हेंबर
लिहिलेला प्रबंध तेवढा बचावला. अनसूया प्रत्येक प्रकरण गाइडना ईमेल करत होती, मला न सांगता. का सांगितलं नाही, हे मी विचारलं नाही. पण आवाज फक्त कम्प्युटरवर होते.

ती ओरडली असती तर मला काही तरी म्हणता आलं असतं. तिने स्वयंपाक केला, वाढला, आणि मंदाताईंना फोन लावला. शनिवारी परत येऊ का, म्हणून विचारलं. शालिनीताईंनाही लावला. मग कोणाला लावायचा ते तिला कळेना. यादीत पुढचं नाव शांतामावशीचं होतं.

मी कम्प्युटर बंद केला. एका झटक्यात बंद झाला.

१५ नोव्हेंबर, शनिवार
मीही येऊ का, असं विचारलं. अनसूया म्हणाली, या, पण कशाला हात लावू नका.

मंदाताई सराफा बाजाराच्या मागे राहतात. शांतामावशीच्या बालमैत्रीण. अनसूयेने फोन रेकॉर्डिंगला लावून मधल्या स्टुलावर ठेवला. मंदाताईंनी सगळं पुन्हा सांगितलं, सासरचं, सणावारांचं, बाजारहाटाचं. न कंटाळता. मग म्हणाल्या, "शांताचं बोलणं वेगळंच होतं बाई, मला तिच्यासारखं थोडीच येतं. मधु, तू सांग ना. तू तर तिच्याच घरी वाढलास. जेवायला कशी बुलवायची तुला?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. फोन चालू होता.

मी म्हटलं, "मध्या, ये रे, थाळी लागली."

अनसूयेने घरी येऊन ते लावून ऐकलं. शब्द बरोबर होते. आवाज माझा होता.