विनापरवाना ऐकून घेतल्याबाबत

प्रति,
मा. कार्यक्रम अधिकारी,
मानसिक आरोग्य विभाग,
शहर आरोग्य कार्यालय.

विषय : फिरत्या पथकाच्या गाडीत नागरिकांचे विनापरवाना ऐकून घेतल्याबाबत खुलासा, तसेच समुपदेशक मिळणेबाबत.

संदर्भ : आपले कारणे दाखवा ज्ञापन. (अर्जदारास गाडीतच प्राप्त.)

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार, चालक, फिरते मानसिक आरोग्य पथक, पुढीलप्रमाणे खुलासा सविनय सादर करीत आहे.

१. पथकात मंजूर पदे तीन : समुपदेशक, परिचारिका व चालक. पैकी समुपदेशक बाईंना अकरा महिन्यांपूर्वी रिक्त पदांचा अहवाल तयार करण्यासाठी मुख्य कार्यालयात बोलावून घेतले. तेव्हापासून त्यांचे पद रिक्त आहे. परिचारिका लसीकरणाकडे वर्ग आहेत. तथापि फेऱ्या कमी भरल्यास वरून विचारणा होते, म्हणून "गाडी तेवढी नेत चला" असे आपण तोंडी फर्मावले. त्यानुसार अर्जदार दर मंगळवारी बंद गिरणीच्या फाटकासमोर गाडी लावतो, दोन खुर्च्या मांडतो, वही उघडून ठेवतो आणि तीन तासांनी सगळे आवरून परत येतो. गाडीवर ठळक अक्षरांत "बोला, आम्ही ऐकतो आहोत" असे लिहिलेले आहे. आम्ही म्हणजे अर्जदार एकटा.

२. पहिले चार मंगळवार कोणी फिरकले नाही. पाचव्या मंगळवारी एक वयस्कर गृहस्थ तावातावाने आले. त्यांनी छापखान्यात चाळीस वर्षे अक्षरांचे खिळे जुळवले, म्हणून वस्तीत त्यांना खिळेकाका म्हणतात. गाडीच्या मागील फलकावर "मानसिक आरोग्य आपल्या दारी" ऐवजी "मानसिक अयोग्य आपल्या दारी" असे छापले गेले आहे, हे प्रथम त्यांनीच दाखवून दिले. (त्याबाबतचा स्वतंत्र अर्ज आपल्याकडे प्रलंबित आहे.) चूक दाखवून झाल्यावरही काका गेले नाहीत. म्हणाले, "घरी चूक दाखवली की सगळे म्हणतात, बाबा, जाऊ द्या ना. ही होती तोवर निदान भांडायची तरी." ही म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांना जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते.

३. समुपदेशकासाठी राखीव खुर्चीवर बसल्याचा आरोप अर्जदारास मान्य आहे. अर्जदार आधी उभाच होता. परंतु काका म्हणाले, "उभ्या माणसाशी बोललं की ऑफिसात आल्यासारखं वाटतं हो." सबब अर्जदार बसला. पुढे काका दर मंगळवारी येऊ लागले. अर्जदाराने कोणताही सल्ला दिलेला नाही. "हं" आणि "मग?" एवढे दोनच शब्द वापरले. हे शब्द समुपदेशनात मोडतात किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.

४. जनजागृती सप्ताहानिमित्त आपल्या आदेशाने गाडी लागोपाठ दोन मंगळवार फुगे बांधून मिरवणुकीत फिरली. त्या दोन्ही दिवशी काका फाटकासमोरच्या मोकळ्या जागेत तासभर उभे राहून परत गेले, असे समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्याने सांगितले. तिसऱ्या मंगळवारी काका आले नाहीत. त्यांची सून पायात चपला न घालताच धावत आली. म्हणाली, "दादा, बाबांनी तीन दिवस पोटात घास घेतला नाही. कपडे वाटून टाकले, घड्याळ शेजाऱ्याला दिलं. आज चष्मा वाचनालयात देऊन आलेत. म्हणतात, आता काय वाचायचंय?"

ज्या माणसाने उभा जन्म अक्षरांत काढला, त्याने चष्मा देऊन टाकला, हे ऐकून अर्जदाराने खुर्च्या आवरल्या व गाडी सुरू केली. अर्जदाराचे शिक्षण बेताचे आहे, पण एवढे कळले.

५. अर्जदार त्यांच्या घरी गेला व म्हणाला, "काका, फलक दुरुस्तीला काढलाय. मजकूर तपासायला तुमच्याशिवाय आहे कोण?" हे कथन असत्य होते. काका उठले, सून बरोबर बसली आणि अर्जदाराने गाडी ठरलेला मार्ग सोडून तेवीस किलोमीटरवरील मोठ्या रुग्णालयाकडे वळवली, कारण मनोविकाराचे डॉक्टर तेथेच आहेत. वाटेत सिग्नलला काका हळूच म्हणाले, "मी ठरवलं होतं रे." अर्जदाराने हँडब्रेक ओढला व त्यांचा हात धरून ठेवला. सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला. मागच्यांनी भोंगे वाजवून डोके उठवले. वाहतुकीस अडथळा आणल्याचा आरोप ज्ञापनात राहून गेला आहे, तो कृपया जोडून घ्यावा.

डॉक्टरांनी काकांना लगेच दाखल करून घेतले. "आज आणलंत ते बरं केलंत," एवढेच म्हणाल्या. अकरा दिवसांनी काका घरी आले. औषध सुरू आहे, जेवतात, सुनेच्या किराणा यादीतल्या चुका काढतात. वाचनालयाने नोंद झालेले दान परत करण्यास नकार दिल्याने रोज तेथे जाऊन स्वतःच्याच चष्म्याने वाचतात.

६. सबब विनंती की, पथकास समुपदेशक द्यावा. ते शक्य नसल्यास "चालकाने ऐकू नये" असा लेखी आदेश द्यावा, म्हणजे अर्जदार तो गाडीच्या काचेवर चिकटवील. तोंडी सांगितल्यास अर्जदार तेही ऐकून घेईल, आणि मग पुन्हा खुलासा द्यावा लागेल.

७. एक बाब लपवून ठेवणे सचोटीस धरून होणार नाही. ज्ञापन घेऊन आलेले आपल्या कार्यालयातील कर्मचारी, अर्जदाराची पोच घेतल्यावर, "जरा टेकू का?" म्हणाले आणि पन्नास मिनिटे बसले. काय बोलणे झाले ते अर्जदार सांगणार नाही. आरोप वाढवायचा असल्यास वाढवावा. जाताना डोळे पुसून त्यांनी पुन्हा येऊ का विचारले. तरी येत्या मंगळवारी अकरा ते बारा आपल्या कार्यालयातील एखादी खुर्ची रिकामी दिसल्यास कृपया चौकशी करू नये. त्यांना वेळ दिलेली आहे.

आदेशाच्या प्रतीक्षेत, गाडीतच असलेला,
आपला नम्र,
(सही)
चालक, फिरते पथक
दिनांक : १९ जून

सोबत : १) लॉगबुकाच्या पानाची प्रत. २) डॉक्टरांची चिठ्ठी. ३) मागील फलकाचे छायाचित्र.