शांताबाईंची जागा आणि पंचाहत्तरची लेन्स

१ फेब्रु., रवि.
गल्लीतला बुद्धविहार पाडायचं ठरलं. १५ तारखेला काम सुरू, मग नवा, स्लॅबचा. महिला मंडळाच्या विमलताई घरी येऊन सांगून गेल्या, "तुह्या त्या मोठ्या कॅमेऱ्यानं आमचा एक फोटो काढून दे. मोबाइलवाला नको." पन्नासेक वर्षांपूर्वी बारा जणींनी रांगेत उभं राहून, हातोहात विटा देऊन हा विहार उभा केला. गल्लीत हातगाडीसुद्धा शिरत नव्हती. आई रांगेत अकरावी, तेव्हा नवी सून. बारावी शांताबाई, गवंड्याच्या हातात वीट द्यायच्या. त्या मागच्या पावसाळ्यात गेल्या.

हो म्हणून बसले. मग टेप घेऊन गल्ली मोजली. समोरच्या घराच्या गॅलरीपासून विहाराची पायरी चौदा फूट. आली पंचाईत.

३ फेब्रु., मंगळ.
माझ्याकडे एकच लेन्स, दीडशे मिलिमीटरची. एवढ्याशा अंतरावरून तिच्यात सात जणी मावतील. बाकीच्यांनी काय करायचं, दुसरा शो? रामदासपेठेत घाटे सरांकडे गेले. सरांची हयात इमारतींचे फोटो काढण्यात गेली. कपाटात दोन वाइड, म्हणजे जास्त रुंदी घेणाऱ्या लेन्स, नव्वद आणि पंचाहत्तर. कागदावर गणित मांडलं. नव्वदमध्ये साडेअठरा फूट, म्हणजे अकरा जणी नीट. सर म्हणाले, नव्वदच ने. जितकी वाइड, तितकी कडेची माणसं ताणली जातात आणि कोपरे थोडे काळवंडतात. पटलं, नव्वद आणली. सर चहा स्वतः करतात आणि फार वाईट करतात.

४ फेब्रु., बुध.
आईला म्हटलं, तू मधे बस, कडेला तोंड ताणलं जातं.
"मी काहून मधात बसू? विटेची रांग होती तशाच बसू आम्ही. सुमन पहिली, मी अकरावी."
"बरं बाई, बस शेवटी."
"शेवटी कशी? माह्या बाजूले शांता नाई का?"
विमलताईंना फोन केला, म्हटलं जरा समजवा हिला. तर त्या म्हणाल्या, "बरोबर हाये तिचं. जागा तं सोडाच लागते."
म्हणजे माणसं अकरा, जागा बारा.

५ फेब्रु., गुरु.
बारा जागांना वीस फूट. नव्वदमध्ये बसत नाहीत. पुन्हा रामदासपेठ. सर म्हणाले, "रिकाम्या जागेसाठी लेन्स बदलतेस?" हो म्हटलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पंचाहत्तर काढून हातात दिली. चहा नको म्हणायची हिंमत झाली नाही.

आता फिल्टर. विहाराची भिंत निळी, बायांच्या साड्या पांढऱ्या. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर निळा फिक्का पडतो. पिवळा फिल्टर लावला नाही तर भिंत आणि बाया एकच. माझा पिवळा दीडशेच्या मापाचा, ५८. पंचाहत्तरच्या तोंडाचं माप ६७. बर्डीवर तीन दुकानं पालथी घातली, ६७चा पिवळा कुठेच नाही. एक जण म्हणे, "मॅडम, मोबाइल में पीला डाल देता हूँ ना." शेवटी ६७वरून ५८वर आणणारी रिंग मिळाली. एवढ्याशा रिंगेनं काम भागलं म्हणून स्वारी खूश.

८ फेब्रु., रवि.
झाला फोटो. सकाळी सातलाच सगळ्या हजर, पांढऱ्या साड्या, कडक इस्त्री. मी कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्यात डोकं घातलं तर विमलताई खालून, "आतमधी झोपली का वं?" सगळ्या हसल्या. कॅमेरा वर गॅलरीत, तीही बाजूला, म्हणून लेन्स बरीच खाली आणि कडेला सरकवावी लागली. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर पायरीचा उजवा कोपरा अंधारा वाटला. सर म्हणालेच होते कोपरे काळवंडतात, म्हणून पुढे गेले. फिल्मच्या दोन शीट काढल्या. नंतर पोहे. रांगेतल्या काशीबाई सगळ्यांचा निरोप घेऊन दुपारच्या गाडीनं वर्ध्याला, मुलीकडे. महिनाभर तिकडेच.

९ फेब्रु., सोम.
शीट धुतल्या. अकराही चेहरे स्वच्छ. आणि उजवा खालचा कोपरा ठार काळा. हे थोडंफार काळवंडणं नव्हे. रिंग आडवी आली. सरकवलेल्या वाइड लेन्सच्या पुढे तिच्याहून लहान तोंडाचा फिल्टर लावला, दुसरं काय होणार? पंचवीस वर्षं हे काम करते आहे. कुणाला सांगायचीही लाज वाटते.

शांताबाईंचीच जागा गेली. नुसती जागा असती तर निदान... भिंगातून पाहिलं. आईचा डावा हात मनगटापर्यंत दिसतो. पुढे काळं. तिनं त्या रिकाम्या पायरीवर हात ठेवला होता. मी कपड्यात डोकं घालून माप बघत बसले, हात पाहिलाच नाही.

१० फेब्रु., मंगळ.
विमलताईंना दाखवला. खूप आवडला. कोपऱ्याचं सांगितलं तर म्हणाल्या, "तेवढा कापून टाक ना. कोनाले समजते?" इतकं सोपं आहे. कापला तर अकरा जणींचा सुरेख फोटो. आईला अजून दाखवला नाही. ६७चा फिल्टर पुण्याहून मागवला आहे, कुरिअर म्हणतं शुक्रवार.

११ फेब्रु., बुध.
आई भाजी निवडत होती. मान वर न करता विचारलं, "माहा हात आला का वं?"
खरं सांगितलं. रिंगेचं, मापाचं, सगळं. तिनं ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "शांताच्या हाताले लई घट्टे पडले होते. माह्या हातची वीट घेताना मले लागत."
संध्याकाळी पुन्हा विमलताईंकडे. म्हटलं, परत बसाल का? कापायचा नाही मला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. शनिवार, सकाळी सात.

१३ फेब्रु., शुक्र.
फिल्टर आला नाही. पार्सल कुठल्या तरी गोदामात अडकलंय. उद्या फिल्टरशिवाय काढला तर भिंतीत साड्या विरघळणार, रिंग लावून काढला तर कोपरा जाणार. परवा विहारच नाही. आईला दोन्ही सांगितलं, तूच ठरव म्हटलं.
"सगळ्या पांढऱ्या दिसलो तं दिसलो. रांग तुटू देऊ नको."
काशीबाईंचं विचारलं. त्या वर्ध्याहून यायच्या नाहीत, गुडघ्यानं जेरीस आल्यात.
"तिची बी जागा सोडू."
त्या जिवंत आहेत गं, म्हटलं. आई म्हणाली, "म्हून काय झालं? ती येईन तवा पाहीन ना फोटो. तिले तिची जागा दिसाले नको?"

१४ फेब्रु., शनि.
दहा जणी, बारा जागा. फिल्टर नाही, रिंग नाही. आज काचेवरचा एकेक कोपरा भिंगानं तपासला. आईचा हात उलटा, काचेच्या वरच्या टोकाला, पाचही बोटांसकट. शीट दोनच उरल्या होत्या, दोन्ही वापरल्या. आठला कंत्राटदाराची माणसं सामान उतरवायला आली.

शीट अजून डब्यातच आहेत. धुवायची भीती वाटते. मघाशी आई दार ढकलून विचारून गेली, "आली का शांता?" उद्या सांगते म्हटलं.