उसाची रोपं आणि माझी कानडी

४ सप्टें., गुरु.
सासऱ्यांनी, आबांनी, आज सगळ्या बायकांसमोर विचारलं, "कानडी शिकून कुठं जायाचंय तुला?" मी नर्सरीत रोपांच्या ट्रेमध्ये कोकोपीट भरत होते. हात न थांबवता म्हणाले, "जितं आपली रोपं जात्यात, तितं."
खोटं काय त्यात? निम्मी उसाची रोपं कर्नाटकात, इंडीकडं जातात. आमच्या लासुर्ण्यातून टेम्पो हलला की पुढचं सगळं विलासमामांच्या हातात. घरात कानडी फक्त त्यांना येते, आणि ते सासूबाईंचे सख्खे भाऊ. रोपं कोण घेतं, जगली का, विचारलं की एकच उत्तर. "सूनबाई, त्यो मुलूख येगळा हाय."
असू दे वेगळा. फोनमध्ये ॲप घेतलंय. भाकरी थापताना कानात कानडी.

७ सप्टें., रवि.
महादेवीला ॲपमधली वाक्यं म्हणून दाखवली. ती मूळची इंडीकडची, नवरा लोणी देवकरला कंपनीत, ती आमच्याकडं ट्रे भरायला. पोट धरून हसली. "वैनी, ही बेंगळूरची कानडी. आमच्यात अशी बोललात तर तुमाला तहसीलदारीण समजत्याल." ॲप म्हणतं, हळू म्हणजे 'निधान'. तिच्याकडं म्हणतात 'सावकाश'. अगं, हा तर माझाच शब्द!
ठरलं. वाक्यं ॲपकडून, तोंड महादेवीकडून.

१३ सप्टें., शनि.
बारामतीहून स्टिकर छापून आणले. वर मराठी, खाली कानडी. उसाची जात, लावल्याची तारीख, नर्सरीचं नाव, माझा नंबर. आमच्या प्रत्येक ट्रेला लावणार. गिऱ्हाइकाला कळू दे रोप किती दिवसांचं आहे, आणि आम्हालाही कळू दे पुढं काय झालं.
संदीप म्हणाला, "मामाला इचारलंस का?"
"ट्रे मामांचे हायत का?"
माझा नवरा वाईट नाही. पण मामा आणि बायको यांच्यामध्ये उभं राहायची वेळ आली की त्याला नेमकी विहिरीवरची मोटर बघायची असते.

१९ सप्टें., शुक्र.
पहिला फोन!!
त्यानं तोंड उघडलं आणि माझी सगळी कानडी पळाली. शेवटी ओरडले, "सावकाश माताड्री!" सावकाश बोला. तोही हसला. सिद्धप्पा नाव. इंडीजवळचं गाव, दोनदा सांगितलं तरी कळलं नाही.
वाटलं, कौतुक करतोय. पण 'ससि' म्हणजे रोपं, ते कळलं, आणि मग परत परत "बेरु इल्ल, अक्का, बेरु इल्ल." इल्ल म्हणजे नाही. काय नाही? महादेवीला हाक मारली. तिचं तोंड उतरलं. "बेरु म्हंजे मूळ, वैनी."
आमच्या रोपांना मूळ नाही? रोज ट्रेमधून उपसून बघते मी. पांढरी जाळी असते मुळांची.

२० सप्टें., शनि.
जेवण गेलं नाही काल. सकाळी महादेवीकडून वाक्य घोटून घेतलं आणि सिद्धप्पाला आवाजी निरोप पाठवला. फोटो पाठवा.
आले. एकाच टेम्पोतले दोन ट्रे शेजारी ठेवलेत. एकावर आमचा स्टिकर, रोपं हिरवीगार. दुसऱ्यावर काहीच नाही, रोपं पिवळी, मरतुकडी. 'चीटी', म्हणजे स्टिकर, असलेली चांगली, नसलेली बाद, एवढं त्याच्या निरोपातलं मला कुणाच्या मदतीशिवाय कळलं. मागच्या खेपेलाही असंच, त्याच्या भावाचं वावर मोकळं पडलं.
म्हणजे वाटेत कुणीतरी दुसरीकडची रोपं भरतंय. आमच्या नावावर.
कुणीतरी काय? टेम्पो एकाचाच आहे.

२२ सप्टें., सोम.
घट बसले. मामा फराळाला आले. फोनमधले फोटो त्यांच्यापुढं धरले.
जराही चपापले नाहीत. "मागनी जास्त, तुमचा माल कमी. वाटंत दुसऱ्याकडनं उचलतो. त्यात काय? तुमचंच नाव वाढतंय."
"मरत्यात ती रोपं बी आमच्याच नावावर मरत्यात, मामा."
"माझी गिऱ्हाइकं फोडायला शिकलीस व्हय कानडी?"
आबा म्हणाले, "वैशाली, आत जा."
नाही गेले. फोन तसाच धरून उभी राहिले. मामाच उठून गेले, फराळ तसाच.
मग आबा एवढंच बोलले. "नर्सरी नवी व्हती तवा कुत्रं इचारत नव्हतं आपल्याला. पयली रोपं त्यानं खपवली." खरंय ते. आबांना ते विसरता येत नाही. पण म्हणून...

२५ सप्टें., गुरु.
मामांचा टेम्पो आला नाही. येणारही नाही, असा निरोप. रोपं तयार होऊन बसलीत. आणखी थांबली की मुळं ट्रेमध्ये गुरफटतील.
आबा म्हणाले, "त्या चिठ्ठ्या काढून टाक. मी त्याला समजावतो."
"काढायच्या तर तुमी काढा, आबा. मी न्हाय काढनार."
त्यांनी एका स्टिकरचा कोपरा उचकटला आणि तसाच सोडून बाहेर गेले.
दुपारी सासूबाई ज्वारी पाखडता पाखडता म्हणाल्या, "भाऊ हाय म्हणून मी गप हाय. पटतंय म्हणून न्हाय." इतकी वर्षं या घरात आहे, त्यांना भावाविरुद्ध बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

२७ सप्टें., शनि.
सिद्धप्पाला फोन केला. तुमची मेलेली रोपं मी स्वतः येऊन बदलून देते, भावाचीही. बाकीची बघा, पटली तर घ्या. वाक्यं चुकली असतील. त्याला कळलं, तेवढं पुरे.
आबा कडाडले. "नर्सरीची मालकीन दारोदार माफी मागत फिरनार?"
"माफी न्हाय, रोपं घिऊन चाललेय."
"गेलीस तर परत नर्सरीत पाय ठिवायचा न्हाय."
संदीप उठला. म्हटलं, चालला मोटर बघायला. पिकअपची किल्ली घेऊन आला.

२९ सप्टें., सोम. इंडीजवळ
सिद्धप्पाच्या वस्तीवर. भीमा ओलांडल्यावर पाट्या बदलल्या. अक्षरं लावत, मोठ्यानं वाचत आले. संदीप हसला नाही.
बांधावर माणसं जमली होती. कुणाचेच चेहरे बरे नव्हते. सिद्धप्पाचा भाऊ तर पाठ करून उभा. त्यांच्या आईनं मला खालून वर बघितलं आणि विचारलं, "यारु कळिसिद्रु?" कुणी पाठवलं तुला?
ॲपमध्ये नाही हे. महादेवीनंही शिकवलं नव्हतं. तरी आलं तोंडातून.
"नाने बंदीनि." मीच आलेय.
म्हातारी हसली नाही. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. भाऊ अजून पाठमोराच. रोपं घेईल का, माहीत नाही.
आबांचे फोन येतायत. घेतला नाही अजून. आधी ट्रे उतरवते.