अकरा शुक्रवार

प्रिय त्रीनू,

तार्तूच्या त्या जुन्या कारखान्यात तू मला पहिल्या रांगेत बसवलंस, त्याचं समाधान अजून ओसरलेलं नाही. रेडिओ दुरुस्त करत वर आलेल्या माणसाची मुलगी सहाशे लोकांना नाचवते, तेही बापाच्याच दुकानातल्या स्पीकरांवर. डावीकडचा जरा फाटका वाजत होता, तेवढा परत पाठव.

कल्पना झकास आहे. आपली आजारपणाची माहिती कोणी कधी उघडून पाहिली, याची नोंद आपल्या देशात ज्याची त्याला बघता येते. तिला चाल लावायचं सुचलं ते तुलाच. डॉक्टरने पाहिलं की घंटा, औषधवाल्याने पाहिलं की टिचकी, आणि हेल्वीने पाहिलं की तो खालचा, घोगरा सूर. अकरा वेळा, अकराही शुक्रवारी, आणि मागे पडद्यावर तिचं नाव. माझ्या मागची बाई म्हणाली, "म्हातारीला शुक्रवारी दुसरा उद्योग नाही वाटतं." आजूबाजूचे हसले. हेल्वी माझ्या शेजारीच होती. मीही हसलो.

तुझी आई गेल्यावर हेल्वी माझी बायको म्हणून या घरात आली, ते तुला कधी रुचलं नाही. नाताळात रक्ताची सॉसेज वाढताना मी सहज विचारलं, "झोपेची नवी गोळी मानवतेय का गं?" तेव्हा म्हणूनच तू बघितलंस ते तिच्याकडे. गोळीचं तू कोणालाच सांगितलं नव्हतंस. घरात नर्स एकच. तुझा हिशेब चुकला असं कोण म्हणेल?

त्या कार्यक्रमानंतर तिला तिच्या दवाखान्यातून पत्र आलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर चौकशी. परवा सूप समोर ठेवून ती म्हणाली, "एंडेल, मी नाही रे उघडलं काही. तुला तरी पटतंय ना?" म्हटलं, "पटतंय गं, जेव आधी." आणि खरंच पटत होतं.

कारण शुक्रवारी ती माझ्याआधी सौनात, वाफेच्या खोलीत जाते. बर्चच्या फांद्यांनी अंग झोडत बसली की पाऊण तास बाहेर येत नाही. कामाचा संगणक टेबलावर, ओळखपत्र पर्समध्ये. उरला त्या ओळखपत्राचा गुप्त आकडा. चाळीस वर्षं मी बिघाड कानाने शोधलेत. चार कळांचे चार आवाज ओळखायला मला दोन संध्याकाळी पुरल्या. तू फोन उचलत नव्हतीस, त्रीनू. बापाने करायचं काय? पहिल्यांदा काळजीनेच उघडलं. पुढचे दहा शुक्रवार सवयीने.

चौकशी सोमवारी आहे. हेल्वीने मला साक्षीला बोलावलंय. मी कोट इस्त्रीला दिलाय आणि सांगणार काहीच नाही. शाळा-दवाखान्यांना स्पीकर पुरवणाऱ्याचं नाव स्वच्छ लागतं. हे पत्र तुला मंगळवारी मिळेल, टपालात विचारून घेतलंय. लिहिलं एवढ्यासाठी की तो घोगरा सूर आजवर मला एकट्यालाच खरा ऐकू येत होता. आता पुढच्या प्रत्येक कार्यक्रमात तुलाही येईल. पत्र दाखवायचं तर खुशाल दाखव कोणालाही. तू दाखवणार नाहीस. अकरा शुक्रवार वाचलंय मी तुला.

तुझाच,
बाबा